‘कुठल्या शाळेत पास झालास?’

माझ्या वडिलांनी 1971 सालच्या पेपरांतली कात्रणं एका जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवली होती. वाडेकर कप्तान, सरदेसाईंच्या 112, नवख्या गावसकरच्या 65 आणि नाबाद 67, आणि वेस्ट इंडीजवरचा आपला पहिला कसोटी विजय. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर पुन्हा गावसकर, 124 आणि 220. त्रिनिदादच्या राजधानीचं, पोर्ट ऑफ स्पेनचं, नाव आमच्या घरात शिरलं ते असं धावफलकातून. तिथल्या गायकानं गावसकरांवर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं, रचल्याचं कळलं, तेव्हा तर ते शहर अर्धं आपलंच वाटायला लागलं. पण क्वीन्स पार्क ओव्हलच्या समोर, ट्रॅगरेट रोड ओलांडला की काय आहे, हे त्या कात्रणांत कुठं नव्हतं. तिथे एक अंगण आहे. 1940 च्या दशकात तिथली पोरं आधी स्वतःला ‘ओव्हल बॉईज’ म्हणवत, मग ‘इन्व्हेडर्स’ झाली. त्यांच्यातला एली मॅनेट नावाचा लेथवर काम करणारा तरुण नीरफणसाच्या झाडाखाली तेलाच्या पिंपाच्या बुडातून सूर काढायचा.

ओव्हल शहराच्या पश्चिम अंगाला. मला बोलायचंय ते पूर्वेच्या टेकडीबद्दल, लाव्हेंटीलबद्दल. या टेकडीनं आणि तिच्या पायथ्याच्या वस्त्यांनी त्रिनिदादला त्याचं वाद्य दिलं, पिंपाच्या पत्र्यातून घडवलेला स्टीलपॅन, म्हणजेच पॅन. देशानं त्याबद्दल टेकडीचे सत्कार केले, वाद्य राजमुद्रेवर नेऊन बसवलं, आणि टेकडीवरच्या पोरांना मात्र अकराव्या वर्षी रांगेच्या शेवटी उभं करायचं काही सोडलं नाही. माझं म्हणणं याच्याही पुढे जातं. ते सत्कार आणि ती रांग एकमेकींना सांभाळून घेतात.

गुलामगिरीतून 1838 मध्ये पूर्ण सुटका झाल्यावर जी माणसं मळ्यांतून बाहेर पडली, त्यांतली कितीतरी शहराच्या पूर्वेच्या या चढावर येऊन राहिली. शहर आणि टेकडी यांच्यामध्ये एक नदी आहे. नकाशावर तिचं नाव सेंट अ‍ॅन्स, लोकांच्या तोंडी ‘ड्राय रिव्हर’. बहुतेक वेळ कोरडी, सिमेंटच्या पात्रातली. तिच्या पलीकडे राहणाऱ्यांना अख्खं शहर ‘बिहाइंड द ब्रिज’ म्हणतं, म्हणजे पुलामागचे. शब्द साधेच आहेत, पण म्हणण्याचा सूर आपल्याकडे ‘वस्तीतला’ म्हणताना जो लागतो तोच. नोकरीच्या अर्जावर लाव्हेंटीलचा पत्ता लिहायचा की एखाद्या मावशीचा, हा तिथल्या तरुणांपुढचा जुना प्रश्न आहे.

आपल्याकडे पॅन म्हटलं की आयकराचं कार्ड आठवतं, म्हणून थोडं सांगायला हवं. 1881 च्या कार्निव्हलमध्ये, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या मोठ्या उत्सवात, पोलीस आणि मशाली घेतलेले लोक यांच्यात दंगल झाली. त्यानंतर इंग्रज सरकारनं ढोल वाजवण्यावर बंधनं आणली. ढोल गेले तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. 1930 च्या दशकात बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आली. ठोकून ठोकून डब्याला पोचा पडला की आवाज बदलतो, हे कुणाच्या तरी कानांनी टिपलं. कुणाच्या, यावर तिथे आजही भांडणं होतात. लाव्हेंटीलच्या जॉन जॉन भागातल्या विन्स्टन ‘स्प्री’ सायमनचं नाव आदरानं घेतलं जातं. महायुद्ध संपल्यावर तेलाची मोठी पिंपं हाताशी आली आणि पॅनला आजचं रूप आलं.

पॅन कसा होतो हे पाहण्यासारखं आहे. पिंप उलटं ठेवायचं आणि त्याचं बूड हातोड्यानं थोडं थोडं खाली बसवत न्यायचं. पत्रा फाटता कामा नये. आजूबाजूला कान किटतील असा आवाज. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी हंड्यावर पडणारे ठोके ऐकले असतील, त्यांना तो अंदाज येईल. खोलगट झालेल्या पत्र्यावर खिळ्यासारख्या पंचनं एकेका स्वराची हद्द आखायची, बाजूचा पत्रा हवा तेवढा ठेवून कापायचा, मग सगळं आगीवर तापवायचं. आणि त्यानंतर खरा माणूस येतो, ट्यूनर. तो छोट्या हातोडीनं एकेक हद्द खालून फुगवतो, वरून दाबतो, कान लावून ऐकतो. एका स्वराच्या जागेत नुसता तो स्वर बसवून भागत नाही. त्याचा वरच्या सप्तकातला स्वरही त्याच पत्र्यात बोलावा लागतो, तेव्हा पॅनला ती घंटेसारखी चमक येते. शेजारच्या स्वराला ठोका बसला की हा हलतो, म्हणून परत मागे. हे ज्यांनी शोधून काढलं त्यांतल्या बहुतेकांची शाळा लवकर सुटली होती. मॅनेट 1967 मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात त्यानं हीच विद्या शिकवली. परक्या मुलखातल्या विद्यापीठाला त्याच्या हातात प्राध्यापक दिसला.

आता शाळेकडे येते. मी 27 वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे दुसऱ्या देशातल्या शाळेबद्दल वाचतानाही आधी डोळा जातो तो परीक्षेच्या वेळापत्रकाकडे.

त्रिनिदादमध्ये अकरा वर्षांच्या आसपास, प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात, प्रत्येक मूल एक परीक्षा देतं. 1961 पासून तिचं नाव होतं ‘कॉमन एन्ट्रन्स’, 2001 पासून ती ‘एसईए’, म्हणजे ‘सेकंडरी एन्ट्रन्स असेसमेंट’, झाली. गणित, इंग्रजी, निबंध. एकाच दिवसात सगळं. दरवर्षी 18 हजारांच्या आसपास मुलं बसतात. या परीक्षेत तसं नापास सहसा कुणी होत नाही, कारण माध्यमिक शाळेत जागा जवळजवळ सगळ्यांना मिळते. ठरतं ते एवढंच, कुठली जागा. म्हणून तिथे मुलाला ‘पास झालास का’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, ‘कुठल्या शाळेत पास झालास?’ शेजारीण विचारते, टॅक्सीवाला विचारतो, चर्चबाहेर भेटलेली म्हातारी विचारते. आपल्याकडे दहावीनंतर चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, तेवढी तरी वयाची सूट आपण दिलीय. तिथे दुधाचे दात पडून फार दिवस झालेले नसतात आणि पोराच्या नावापुढे शाळेचं नाव लागतं, ते साठाव्या वर्षीही निघत नाही.

वरच्या गुणांची मुलं ‘प्रेस्टिज’ शाळांत जातात. क्वीन्स रॉयल कॉलेज, सेंट मेरीज, सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट, बिशप अ‍ॅन्स्टी ही त्यांतली राजधानीतली काही नावं. पहिली सरकारी आहे, बाकीच्या चर्चच्या. खालच्या गुणांच्या मुलांना पत्ता पाहून जवळपासच्या सरकारी शाळेत घालतात. म्हणजे हुशार ठरलेलं पोर टेकडी उतरून जातं आणि कच्ची ठरलेली सगळी एका शाळेत जमा होतात. 1960 साली एरिक विल्यम्स यांच्या सरकारनं धर्मसंस्थांशी एक करार केला, तो ‘कॉन्कॉर्डट’ या नावानं ओळखला जातो. सरकारी पैशावर चालणाऱ्या धर्मसंस्थांच्या शाळांना 80 टक्के जागा परीक्षेच्या गुणांवर भराव्या लागतात, 20 टक्के मुलं मुख्याध्यापक स्वतः निवडू शकतात. साठ वर्षांहून जास्त झाली, तो 20 टक्क्यांचा हक्क अजून आहे. कुणाच्या पोराला त्या यादीत जागा मिळते हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही. टेकडीवर राहणाऱ्या, रात्रपाळीला सफाईचं काम करणाऱ्या बाईची मुख्याध्यापकांशी ओळख कुठून असणार?

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. 31 ऑगस्ट 1962 ला देश स्वतंत्र झाला. आदल्या दिवशी विल्यम्स यांनी मुलांच्या मेळाव्यात सांगितलं की देशाचं भवितव्य तुमच्या दप्तरात आहे. वाक्य चांगलं होतं, अजूनही शाळाशाळांत सांगितलं जातं. त्यानंतर सहा महिन्यांत, 1963 च्या कार्निव्हलला, स्टीलबँडची पहिली ‘पॅनोरामा’ स्पर्धा झाली. जिंकला पॅन अ‍ॅम नॉर्थ स्टार्स हा बँड. त्यांनी वाजवलं ते माइटी स्पॅरो या कॅलिप्सो गायकाचं ‘डॅन इज द मॅन इन द व्हॅन’, आणि त्या गाण्याचा विषय काय तर दप्तरातलं पुस्तक! कॅप्टन कटरिज नावाच्या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याच्या वाचनमालेत जे अर्थहीन धडे आणि बडबडगीतं होती, त्यांची स्पॅरोनं यथेच्छ टर उडवली होती. माझं डोकं तल्लख नव्हतं म्हणून मी वाचलो, नाहीतर शिकून मूर्ख झालो असतो, असा त्याचा एकंदर रोख. दप्तर भरा म्हणणारा नेता, आणि दप्तरात काय भरलंय ते बघा म्हणणारा पत्र्याचा आवाज. देशाचं वय तेव्हा सहा महिने.

विल्यम्स यांना तो आवाज ऐकू आला नाही असं मी म्हणणार नाही. 1950 च्या दशकात स्टीलबँडवाल्यांच्या आपसात उघड मारामाऱ्या व्हायच्या, सुरे निघायचे. सभ्य घरातली आई पोराला पॅनयार्डच्या, म्हणजे बँडच्या अंगणाच्या, आसपास फिरकू देत नसे. सेंट मेरीजसारख्या कॉलेजातल्या पोरांनी ‘डिक्सीलँड’ नावाचा बँड काढला तेव्हा मात्र तेच वाद्य एकदम ऐकण्याजोगं झालं. टेकडीवरच्यानं वाजवलं तर मवाली, कॉलेजच्या पोरानं वाजवलं तर कलाकार. पुढे सरकारनं बँडना पैसा पुरवायला कंपन्यांना पुढे केलं. शेल इन्व्हेडर्स, एस्सो ट्रिपोली, अ‍ॅमोको रेनिगेड्स अशी नावं झाली, मारामाऱ्या ओसरल्या. 1992 च्या ऑगस्टमध्ये पॅन राष्ट्रीय वाद्य जाहीर झाला. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 11 ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. 2025 च्या जानेवारीत संसदेनं राजमुद्रेवरची कोलंबसाची तीन गलबतं काढून तिथे पॅन आणला. गलबतं गेली हे उत्तमच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दरम्यान पॅन शाळेतही आला. शाळांना पॅन मिळाले, शिकवणारे मिळाले, ज्युनियर पॅनोरामा आहे, सोळाव्या वर्षीच्या कॅरिबियन परीक्षेत संगीत विषयाला पॅन वाजवता येतो. मंत्री भाषणात हे सांगतात आणि टाळ्या पडतात. मला इथे थांबावंसं वाटतं, कारण हे नाटक मी घरी पाहिलंय.

आमच्या शाळेत लेझिमी होत्या. वर्षभर त्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे. 26 जानेवारीच्या आधी आठ दिवस निघायच्या. एका वर्षी माझ्या वर्गात हलगीवाल्याच्या घरातला एक मुलगा होता. त्याच्या हातात ताल असा होता की पाहुणे म्हणून आलेले शिक्षणाधिकारी उभे राहिले. त्याचा सत्कार झाला, गुणपत्रिकेत कलेला ‘अ’ पडला. सातवीतल्या त्या मुलाला सरळ चार ओळी वाचता येत नव्हत्या. हे मला माहीत होतं. सत्काराच्या दिवशी शाल घालताना मला फार बरं वाटलं, आणि आज त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते. त्याला वाचता न येणं हे माझं काम राहून गेलेलं होतं, आणि हलगीचं कौतुक करून मी ते झाकलं. ‘पोरगा अभ्यासात कच्चा आहे, पण काय वाजवतो!’ या वाक्यातल्या ‘पण’नं माझी सुटका केली.

लाव्हेंटीलच्या बाबतीत अख्ख्या देशाच्या तोंडी तोच ‘पण’ आहे, असं मला दिसतं. टेकडीवर गुन्हे फार, पण तिथला डेस्पराडोज बँड बघा. शाळेचे निकाल खालचे, पण पॅन आमच्या रक्तात आहे. संस्कृतीचा गौरव केला की हिशेब फिटल्यासारखं वाटतं. आणि पॅन शाळेत नेला तेव्हा तोही शाळेच्या पद्धतीनं नेला: एक तास, एक खोली, शेवटी एक स्पर्धा. पॅनला वरचेवर सुरात आणावं लागतं, ट्यूनरला पैसे मोजावे लागतात. मग ज्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर-वकील जास्त, तिच्या पॅनचा सूर लागलेला राहणार आणि पुलामागच्या शाळेचा उतरणार, हे ओघानंच आलं.

अंगणात जे शिकवणं चालतं ते कुणी शाळेत नेलं नाही. जानेवारीतली एक रात्र घ्या. मोठ्या बँडमध्ये 120 पर्यंत वादक, आठ मिनिटांची रचना. बहुतेकांसमोर कागद नसतो. रचनाकार एका पॅनवर चार मात्रांचा तुकडा वाजवून दाखवतो, एकेका विभागाचा म्होरक्या तो उचलतो आणि आपल्या लोकांकडे नेतो. टेनर, डबल सेकंड, गिटार, चेलो, बेस, ही सगळी पॅनच्याच प्रकारांची नावं, प्रत्येकाचा वेगळा कोपरा. बँकेतली बाई, बेकार पोरगा, बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या आजीच्या वयाचा बेसवाला एकाच ओळीवर अडकलेले असतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी शेजारचा हात मंद करतो, पुन्हा दाखवतो, पुन्हा. हे दयेपोटी नाही. सहा पिंपांचा बेस मागे पडला तर सगळ्यांचा सूर जातो, म्हणून. चुकणाऱ्याला दुसऱ्या अंगणात पाठवायची सोय तिथे नाही. असलेल्या माणसांतूनच आठ मिनिटं उभी करायची असतात. आणि दोन महिन्यांत, रात्री दहा-साडेदहापर्यंत घासून, ती उभी राहतात. हाच मुलगा सकाळी शाळेत ‘एकाग्रता नाही’ या शेऱ्याचा धनी असू शकतो. शेरा खोटा नसेलही, पण मग रात्री त्याला एकाग्र करायला अंगणाला काय जमलं, हे शाळेनं येऊन बघायला नको?

रेनिगेड्सचं अंगण शार्लट स्ट्रीटवर, ड्राय रिव्हरच्या अलीकडेच. एके काळी त्यांचं नाव भांडखोर म्हणून. त्यांना वर काढलं ते जित समारू या भारतीय वंशाच्या रचनाकारानं. 1982 ते 1997 या काळात त्यानं त्यांना नऊ वेळा पॅनोरामा जिंकून दिला, शेवटच्या तीन तर ओळीनं. आफ्रिकी वंशाच्या वस्तीतलं अंगण आणि भारतीय वंशाचा माणूस. तिथल्या निवडणुकीच्या राजकारणात ही जोडी एवढी सहज जमत नाही.

आता माझ्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील, त्यांतले दोन मला टाळता येत नाहीत.

पहिला असा की अंगणाचं हे फार गोड चित्र झालं. खरंय. पॅनोरामा ही काही प्रेमाची पंगत नव्हे. अंतिम फेरीच्या आधी चाचण्या होतात, कच्चा वादक मंचावर जाऊ शकत नाही, बक्षिसाच्या रकमेवरून रागलोभ होतात. आणि अंगणाला बाहेरच्या विद्येचं वावडं होतं असंही नाही. 1951 मध्ये लंडनच्या महोत्सवासाठी ‘टास्पो’ हा निवडक वादकांचा बँड बांधला, तेव्हा जोसेफ ग्रिफिथ नावाच्या पोलीस-बँडमधल्या संगीतज्ञानं त्यांना बसवून स्वरलिपी शिकवली आणि प्रत्येक पॅनमध्ये बाराही स्वर हवेत असा हट्ट धरला. बेसला चार-पाच स्वरांत भागवायची सवय मोडली ती त्या हट्टानं. म्हणजे शिकलेला मास्तर आल्यानं पॅन मोठा झाला. मी शाळा नको म्हणतच नाही. ग्रिफिथ अंगणात आला, वादकांचं जे होतं ते ऐकलं, आणि जे कमी होतं ते बिनदिक्कत मागितलं. वाचन-गणिताच्या बाबतीत लाव्हेंटीलच्या मुलांकडे असं कुणी मागायला बसलेलंच नाही. त्यांच्याकडून एक तर काही अपेक्षा नसते, नाहीतर फक्त पॅनची असते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो आपल्याच रक्ताच्या माणसांचा आहे. 1845 ते 1917 या काळात भारतातून करारावर मजूर म्हणून नेलेल्यांचे, प्रामुख्यानं भोजपुरी मुलखातल्यांचे, वंशज तिथे आज मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्या मुलांना शाळा मिळाव्यात म्हणून 1950 च्या दशकात सनातन धर्म महासभेनं भराभर शाळा बांधल्या. विरोधकांनी त्यांना ‘गोठे’ म्हणून हिणवलं. कॉन्कॉर्डटमुळे या शाळांना सरकारी पैसाही मिळाला आणि स्वतःची ओळखही राखता आली. त्या पंक्तीतलं लक्ष्मी गर्ल्स हिंदू कॉलेज आज देशातल्या अव्वल शाळांत मोजलं जातं. ते लोक विचारतात, आम्ही गोठ्यातून इथवर आलो, आता आमच्या शाळा मोडून तुम्ही कुणाचं भलं करणार? शिवाय परीक्षा यायच्या आधी माध्यमिक शिक्षण मूठभरांपुरतं होतं. ओळख नसलेल्या, पैसा नसलेल्या पोराला दार उघडलं ते या परीक्षेनंच.

दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. त्या शाळा मोडू नयेत. पण 1961 मध्ये जे दार होतं ते 2025 मध्येही दारच आहे, हे मी मान्य करणार नाही. तेव्हा प्रश्न होता आत कुणाला घ्यायचं. आज जवळजवळ सगळेच आत आहेत, आणि परीक्षा उरलीय ती आतल्यांना चाळायला. 20 टक्क्यांची यादी आज बंद करता येईल, तिच्यासाठी एकही शाळा पाडावी लागत नाही. आणि चाळणी अकराव्या वर्षी न लावता चौदाव्या वर्षी लावली, तोवर मुलं आपल्या भागातल्या शाळेत एकत्र राहिली, तर टेकडीवरच्या शाळेतही चार हुशार म्हणवणारी पोरं वर्गात असतील. त्यांच्या आईबापांचा आवाज शाळेच्या कामी येईल. वर्गातली सगळी तरतरीत मुलं काढून नेली की मागे काय उरतं, हे शिकवणाऱ्या माणसाला विचारा. मास्तरसुद्धा मनातून निघून गेलेला असतो.

लाव्हेंटीलमधल्या माध्यमिक शाळेचं नाव ‘सक्सेस’. 2016 च्या जानेवारीत याच शाळेच्या गणवेशातल्या दोन मुलांना घरी जाताना गाडीतून उतरवून गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारनं लाव्हेंटील-मोरवांट भागातल्या शाळांसाठी सुधार प्रकल्प जाहीर केला. गोळीबार सुरू झाल्यावर प्राथमिकची पोरं वर्गातल्या जमिनीवर आडवी झालेली दिसतात, असा व्हिडिओ त्यानंतरच्या काळातलाच. 14 लाख वस्तीच्या या देशात 2024 साली 600 हून जास्त खून झाले. हे आकडे समोर ठेवून कुणी मला सांगेल की बाई, तुम्ही परीक्षेचं काय घेऊन बसलात, आधी बंदुका काढा. काढाव्यातच. पण टोळीत जाणारा पोरगा आदल्या दिवसापर्यंत कुठेतरी विद्यार्थी होता, आणि तू मागच्या रांगेतला आहेस हे त्याला टोळीच्या आधी शाळेनं सांगितलेलं असतं.

टेकडीवरची एक जागा तरी अशी होती जिथे ती रांग लागत नव्हती. डेस्पराडोज. प्रेमानं ‘डेस्पर्स’. रुडॉल्फ चार्ल्स या त्यांच्या कडक म्होरक्यानं 1985 मध्ये मरेपर्यंत त्यांना देशातला दबदब्याचा बँड करून ठेवलं होतं. कार्निव्हलच्या आधी शहरातले सभ्य लोक रात्री गाड्या घेऊन टेकडी चढायचे ते त्यांचा सराव ऐकायला. पुढे गोळीबाराच्या भीतीनं ऐकणारे यायचे थांबले, वादकांचे पाय अडखळायला लागले, आणि 2010 च्या दशकात टेकडीचा बँड टेकडी सोडून खाली शहरात आला. खाली येऊनही 2016 मध्ये त्यांनी पॅनोरामा जिंकला. पेपरांनी ‘लाव्हेंटीलचा विजय’ म्हणून त्याचं कौतुक केलं. वर टेकडीवर ज्या मुलीला आता अंगणापर्यंत एकटं चालत जाता येत नाही, तिच्यासाठी संध्याकाळची ती शाळा बंद झालेली होती. राजमुद्रेवर पॅन आणणाऱ्या देशाला एका अंगणाचं रात्री नऊपर्यंत रक्षण करता आलं नाही, यावर संसदेत तासभर चर्चा व्हायला हरकत नव्हती.

2025 चा कार्निव्हल 3 आणि 4 मार्चला होता. एसईए 27 मार्चला. मध्ये तीन आठवडे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, अंगणात चार-चार मात्रांचे तुकडे बसत असताना, प्राथमिकच्या शेवटच्या वर्गातलं पोर शाळा सुटल्यावर ‘लेसन्स’ला, म्हणजे आपल्या भाषेत क्लासला, बसलेलं असतं. ज्यांना परवडतं त्यांची दोन-दोन वर्षं आधीपासून. आई सांगते, एक वर्ष पॅन विसर, पुढच्या वर्षी जा. ती आई चुकीची आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही पोराला क्लासलाच पाठवलं असतं, आणि खालून आवाज यायला लागला की उठून खिडकी लावून घेतली असती.